आगीपुढचा चष्मा

माझी मावशी सुंदरबाई लांब रोट्या करते. लाखनीत हायवेच्या कडेला जे ढाबे आहेत, त्यांतल्या एका ढाब्यावर ट्रकवाले नुसत्या तिच्या रोटीसाठी थांबतात. हे मी भाची म्हणून फुशारकीने सांगत नाही. आमच्या घरात आपल्याच माणसाचं कौतुक करायची पद्धत नाही. ज्यांनी ही रोटी पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगते. चुलीवर मडकं पालथं घालायचं, खाली लाकडाचा जाळ. कणीक इतकी सैल की हातावर घेतली तर कोपराकडे ओघळते. ती दोन्ही हातांवर झुलवत पातळ करायची आणि फाटायच्या आत मडक्यावर टाकायची. टाकताना तोंड मडक्यावर ओणवं होतं. लांब उभं राहून हे काम होत नाही. मावशीच्या भुवया कितीतरी वर्षांपासून अर्ध्याच आहेत, बाकीच्या जाळाने नेल्या.

तिला चष्मा फार आधीपासून, आणि नंबरही जबर. चष्मा काढला की समोरचा माणूस तिला आवाजावरूनच कळतो. जुना चष्मा डोळ्यांच्या शिबिरातला होता, जाड साध्या काचांचा. त्याच्याबद्दल तिची एकच तक्रार. ढाब्यावरचा बल्ब तिच्या पाठीमागे टांगलेला. त्याचा उजेड चष्म्याच्या आतल्या बाजूला पडायचा. रोटीकडे पाहावं तर काचेत बल्ब, आणि बल्बाशेजारी स्वतःचाच डोळा.

"मीच मले पाहून राहिली, रोटी कवा पाहू?" असं ती म्हणायची आणि आम्ही हसायचो.

हे हसण्यावारी नेलं नाही ते तिच्या सुनेने, हर्षाने. मावशीचा मुलगा विनोद हायवेवरच टायरच्या दुकानात कामाला आहे. हर्षा त्याची बायको. लहानपणीच आई गेलेली, त्यामुळे पहिल्या बाळंतपणाला माहेरी जायचं तर कुणाकडे जायचं, हा प्रश्नच होता. मावशीने तो एका वाक्यात सोडवला. "माहेर अठीच हाय तुह्यं. पोराचं आंग मी धुवून देईन, तुले काही पाहा लागत नाही." आता आमच्या गल्लीत अर्धी पोरं मावशीच्याच पायांवर न्हायलेली आहेत, माझी दोन्ही त्यात आली. तेव्हा हे आश्वासन म्हणजे पक्की गोष्ट. हर्षा त्या दिवशी स्वयंपाकघरात जाऊन रडली. नंतर आपल्या शिलाईच्या कमाईतून सासूला नवा चष्मा घ्यायचं तिने ठरवलं.

मीही सोबत गेले होते. दुकानदार मोठा बोलका होता. त्याने ट्यूबलाइटखाली दोन काचा धरल्या. साध्या काचेत ट्यूबलाइट पांढरीशुभ्र दिसत होती, दुसरीत नुसती हिरवट सावली. "हे अँटीग्लेअर. मागचा उजेड काचेत बसत नाही. गाडीच्या लाइटचा त्रास कमी होते, फोटो काढला तर डोळे साफ दिसतात." मग त्याने पथ्यं सांगितली. पदराने पुसायचं नाही, हे मऊ कापड वापरायचं. वरचा थर नाजूक असतो, ओरखडे लवकर पडतात, तेलाचं बोट लागलं तर डाग साध्या काचेपेक्षा जास्त दिसतो. गरम पाण्याने धुवायचं नाही, गरम जागी ठेवायचं नाही. मावशी शाळेतल्या पोरीसारखी मान हलवत होती. तुम्ही काम काय करता, हे त्याने विचारलं नाही आणि आम्ही सांगितलं नाही.

पहिले काही आठवडे मावशी त्या चष्म्याच्या प्रेमातच पडली होती. बल्ब गेला, स्वतःचा डोळा गेला, रोटीची कड न् कड दिसायला लागली. विनोदने मोबाइलवर फोटो काढला तर तो पाहून म्हणाली, "अव माय, माह्ये डोळे असे घारे हायत काय?" जन्मभर तिच्या प्रत्येक फोटोत डोळ्यांच्या जागी दोन पांढरे चट्टे होते. जुना चष्मा तिने शेजारच्या शकुनबाईला देऊन टाकला. शकुनबाईचा त्याच सुमारास फुटला होता, आणि दोघींचा नंबर जवळपास सारखा. नव्याचं कापड मात्र मावशी कंबरेला बटव्यात ठेवायची. ढाब्यावरून आली की चष्मा काढून डबीत, आणि डबी चुलीपासून लांब, देवाच्या फळीवर. गरम जागी ठेवायचं नाही म्हणजे नाही.

दिवाळी होऊन गेली, धान घरात आलं, थंडी पडली. एका संध्याकाळी मावशी रोट्या टाकत असताना तिची नजर हायवेपलीकडच्या दुकानाच्या बल्बवर गेली आणि हातातली कणीक हातावरच फाटली. बल्बभोवती रंगाचं कडं दिसत होतं. निळं, पिवळं, लाल, बारीक बारीक तुकड्यांचं.

त्या कड्याचं तिला इतकं भय का वाटलं, ते माझ्या आजीमुळे. मावशीची आई, तुळसा. मावशी चौदा-पंधरा वर्षांची असताना आजी म्हणायला लागली की दिव्याले रंगाचं कडं दिसते. पोरी हसल्या. काही वर्षांनी डॉक्टरने सांगितलं, काचबिंदू आहे, डोळ्यातला दाब वाढला, जे गेलं ते परत येणार नाही. पुढे आजी ओसरीच्या कोपऱ्यात बसून असायची. कुणी आलं की चेहरा आवाजाच्या दिशेने वळवायची, तोही थोडा चुकीच्या बाजूला. तिच्या ताटात मीठ जास्त पडलं तरी ती बोलायची नाही, कारण बोललं की आपण ओझं आहोत हे आणखी वाढतं. मी ती आजी पाहिली आहे. मावशीने तर तिला जेवू घातलं आहे, हात धरून परसात नेलं आहे. त्यामुळे ते कडं दिसलं तेव्हा मावशीला बल्ब दिसला नाही, ओसरीचा तो कोपरा दिसला.

तिने चष्मा पुसला. कडं तसंच. घरी येऊन धुतला, वाळवला, पुन्हा घातला. कडं आहेच. दुसऱ्या दिवशी उजेडात पाहिलं तर सगळ्यावर बारीक धूळ बसल्यासारखं. एक डोळा झाकून पाहिलं, दुसरा झाकून पाहिलं. दोन्हीकडे तेच. दोन्ही एकदम गेले, असं तिने ठरवून टाकलं. चष्मा काढून पाहावं तर तिला तसंही काही दिसत नाही, बल्ब फुटबॉलएवढा पसरतो. त्यात कडं कुठून ओळखणार? आणि चष्म्यावर संशय घ्यायचा विचार तिच्या डोक्यात आलाच नाही. नवा, महागाचा, सुनेने हौसेने घेतलेला. बिघडायचं तर तिचं म्हातारं शरीर बिघडेल, चष्मा कशाला बिघडेल?

तिने कुणाला सांगितलं नाही. मला याचा आजही राग येतो. विनोद आधीच मागे लागला होता, "माय, आता पुरे कर ना व ढाबा. कायले जाळात बसतं?" डोळ्याचं कळलं असतं तर तो दुसऱ्या दिवशी ढाब्यावर जाऊन सांगून आला असता, की आई येणार नाही. मग राहिलं काय? ओसरी. बरं, डॉक्टरकडे जावं तर डॉक्टर तेच सांगणार जे आजीला सांगितलं होतं. न विचारलेलं बरं, निदान तोवर रोटी तरी टाकता येईल. अशी ती मनातल्या मनात वकिली करत होती.

एकदा दुपारी मी तिच्याकडे साखर मागायला गेले तर मावशी डोळे मिटून, एक हात भिंतीवर ठेवून स्वयंपाकघरात चालत होती. चहाचा डबा चाचपून काढला, झाकण उघडलं, वास घेतला, पुन्हा ठेवला. मी म्हटलं, "काय चाललंय व मावशी?" ती इतकी दचकली की डबाच पडला. "काही नाही, डोळ्यात चुलीचा धूर गेला." चूल तर विझलेली होती. ती आंधळं होण्याचा सराव करत होती हे मला कसं कळावं? मला वाटलं, वय झालं, वेडेपणा करते. मी साखर घेतली आणि घरी आले.

मग हर्षाला मुलगी झाली. गोरीगोमटी, भरपूर केसांची. मावशीने पेढे वाटले, हे मी डोळ्यांनी पाहिलं. घरी आणल्यावर पहिल्या आंघोळीला आम्ही चार बायका न्हाणीपाशी जमलो. मावशी पाटावर बसली, लुगडं गुडघ्यापर्यंत घेतलं, पाय लांब केले. पाण्यात कोपर बुडवून पाहिलं. बाळाला पायांवर घेऊन तेल चोळलं, तेव्हा सगळं नेहमीसारखं होतं, कारण तेल हाताने लावायचं असतं. मग डोक्यावर पाणी घ्यायची वेळ आली. न्हाणीच्या दारातून सकाळचं ऊन सरळ मावशीच्या चष्म्यावर येत होतं. तिने तांब्या उचलला आणि थांबली. मान इकडे केली, तिकडे केली. आम्हाला वाटलं, नातीला न्याहाळते आहे. तिने नंतर मला सांगितलं की त्या उन्हात तिला बाळाचं नाक कुठे आणि कपाळ कुठे ते समजत नव्हतं, नुसता रंगांचा चुरा दिसत होता. तरी तिने सवयीने तळहाताचा आडोसा धरला आणि धार सोडली. आडोसा बोटभर चुकला. पाणी बाळाच्या नाकातोंडात गेलं. पोर गुदमरली, निळसर झाली, मग खोकून मोठ्याने रडली.

असं कुठल्याही बाळाचं होतं. माझ्या धाकट्याचं दोनदा झालं होतं, आणि तेव्हा हीच मावशी म्हणाली होती की काही होत नाही, छाती मोकळी होते. पण त्या दिवशी "घे, घे इले," म्हणून तिने बाळ शकुनबाईच्या हातात दिलं आणि उठलीच. "माह्या कमरेत भरलं. उद्यापासून शकुन, तूच येत जाय."

कमरेत भरलेली बाई त्याच संध्याकाळी ढाब्यावर रोट्या टाकायला गेली. आता गल्लीने काय समजावं? मडकं ओळखीचं, रोटी हाताच्या सवयीवर पडते, आणि फाटली तर फाटली, रोटीला श्वास घ्यायचा नसतो, हा तिचा हिशेब गल्लीला कुठे ठाऊक! गल्लीने सरळ अर्थ लावला. मुलगी झाली म्हणून सुंदरबाई हात लावत नाही.

हे हर्षाच्या कानावर जायला वेळ लागला नाही. ती बारीक लक्ष ठेवायला लागली. आणि लक्ष ठेवलं तर काय दिसायचं? सासू बाळाजवळ येते आणि हातभर अंतरावर थांबते. बाळ रडलं तर "हर्षा, घे व" म्हणते, स्वतः उचलत नाही. बाळाला घेऊन उंबरा ओलांडत नाही. कुणी बाळ मांडीवर द्यायला गेलं तर "माह्ये हात खरकटे हायत" म्हणून मागे सरते. मावशीच्या कानावरही ते बोलणं गेलं होतं. तिने ते खोडून काढलं नाही. आंधळी म्हणवून घेण्यापेक्षा दुष्ट म्हणवून घेणं तिला परवडत होतं. रात्री ती देवाच्या फळीसमोर उभी राहून दिव्याकडे पाहायची, कडं कमी झालं का म्हणून. कडं रोज वाढतच होतं.

महिन्याभराने बारसं केलं, त्या दिवशी घर बायकांनी भरलं. पाळणा सजवला. बाळाला पाळण्याखालून एकीने द्यायचं आणि वरून दुसरीने घ्यायचं, आणि घेणारी पहिली म्हणजे आजी. शकुनबाईने बाळ पाळण्याखालून पुढे केलं. मावशीने हात पुढे केले, आणि मग मागे घेतले.

"हर्षाच्या मावसबहिणीले घेऊ द्या," ती म्हणाली.

हर्षा खुर्चीवर बसली होती ती उठून उभी राहिली. या पोरीचा आवाज मी तोवर कधी चढलेला ऐकला नव्हता.

"पोरगी झाली म्हणून काय, आई? सरळ सांगा ना. तुम्ही म्हटलं होतं, माहेर अठीच हाय. मले माय नाही म्हणून मी तुमच्यावर भरोसा ठेवला. एकदाही तिच्या तोंडाकडे नीट पाहिलं नाही तुम्ही. काहून?"

मावशी पाळण्याची दोरी धरून उभी होती. मग हळूच म्हणाली, "पाहातो व रोज. दिसत नाही मले, बाई."

"काय दिसत नाही?"

"तिचं तोंड. कोनाचंच तोंड. माह्या मायवानी होऊन राहिलं माह्यं. मले भेव वाटते, हातातून पडन पोट्टी. त्या दिवशी मारलीच असती मी तिले पाण्यात." आणि ती रडायला लागली. मावशीला रडताना मी तिच्या नवऱ्याच्या मरणानंतर पहिल्यांदा पाहत होते.

हर्षाचा राग जागच्या जागी थिजला. ती पुढे आली, मावशीच्या डोळ्यांवरचा चष्मा काढला आणि आपल्या पदराने तिचे डोळे पुसले. मग सवयीने चष्माही पुसायला घेतला. पुसला, दाराकडे धरून पाहिला, पुन्हा पुसला. मग तो तसाच उजेडात धरून उभी राहिली.

"ताई," तिने मला हाक मारली, "हे पाहा."

मी पाहिलं. उन्हाळ्यात तलाव आटला की तळाच्या चिखलाला जशा भेगा पडतात, तशा भेगा दोन्ही काचांवर पसरल्या होत्या, केसापेक्षा बारीक, आणि प्रत्येक भेगेत उजेडाचे रंग फुटत होते. मी तो चष्मा डोळ्याला लावला आणि दारावरच्या बल्बकडे पाहिलं. बल्बभोवती रंगाचं कडं होतं. माझ्या डोळ्यांनाही.

"मावशी, मलेही कडं दिसते!" मी ओरडलेच.

तोवर हर्षाने शकुनबाईला गाठलं होतं. विचारणं नाही, सवरणं नाही, तिच्या नाकावरचा तो जुना शिबिरातला चष्मा उचलला आणि मावशीच्या डोळ्यांवर चढवला. शकुनबाई "अव, अव" करत भिंत चाचपत बसली. हर्षाने बाळ उचललं आणि मावशीच्या तोंडासमोर धरलं.

मावशी पाहत राहिली. काचेत मागचा बल्ब चमकत होता, ती मान तिरपी करून त्याला चुकवत होती. मग तिने एक बोट पुढे केलं आणि बाळाच्या डाव्या गालाला लावलं.

"इले खळी हाय?"

खळी आम्हा सगळ्यांना पाठ होती. शेजारच्या पोरांनासुद्धा ठाऊक होती. एका घरात राहून आजीला ती महिन्याभराने दिसली, आणि हर्षा तिथेच जमिनीवर बसून हुंदके द्यायला लागली.

दुसऱ्या दिवशी मी मावशीला घेऊन दुकानदाराकडे गेले, भांडायच्या तयारीनेच. त्याने काचा पाहिल्या, मावशी काय काम करते ते पहिल्यांदाच विचारलं आणि कपाळाला हात लावला. "आजी, काच न् तिचा वरचा थर दोन्ही गरमीने फुगतात, पण सारखे फुगत नाहीत. म्हणून थर तडकते. मी म्हटलं होतं ना, गरम जागी ठेवू नका?"

"ठेवला कुठं बापा?" मावशी म्हणाली. "नाकावरच तर होता."

दुकानदाराला हसावं की काय करावं कळेना. मला मात्र हसू आलं नाही. या एका न विचारलेल्या प्रश्नापायी एक घर मोडायला आलं होतं. त्याने आगीपुढच्या कामासाठी साध्या काचा बसवून द्यायचं कबूल केलं आणि वर सांगितलं की डोळे तरीही तपासून घ्या, आईला होतं म्हणता तर दरवर्षी तपासा. भंडाऱ्याला नेऊन दाब तपासला. दाब ठीक निघाला. डॉक्टरने तीनदा सांगितलं तेव्हा मावशीने मान हलवली, आणि बाहेर आल्यावर मला विचारलं, "नक्की म्हणाला ना व तो?"

मी स्वतः अँटीग्लेअर वापरते. संध्याकाळी स्कूटीवरून येताना काचेतली चकाकी कमी होते, मला त्याचं सुख आहे. मावशीलाही हर्षाने हट्टाने तसाच दुसरा घेऊन दिला, लग्नाकार्याला आणि फोटोला. तो ढाब्यावर न्यायला बंदी आहे. ढाब्यावर साध्या काचा, त्यात बल्ब, आणि बल्बाशेजारी स्वतःचा डोळा. आता मावशी त्याबद्दल कुरकुर करत नाही. भीती मात्र पूर्ण गेलेली नाही. दिवेलागणीला ती अजून बल्बकडे पाहते, आणि हर्षा पोळ्या लाटता लाटता विचारते, "कडं दिसते काय, आई?" मावशी म्हणते, "नाही व." मग दोघी कामाला लागतात.

बारशानंतर साध्या काचा आल्या, तेव्हा मावशीने घातलेल्या पहिल्या आंघोळीला मी मुद्दाम गेले होते. मावशी पाटावर बसली, पाय लांब केले, बाळाला घेतलं. तिने तांब्या उचलला. हर्षा दारात उभी होती. ती तिथून हलली नाही. मावशीने तळहात बाळाच्या कपाळावर आडवा धरला, चष्म्यातून खाली वाकून पाहिलं आणि धार सोडली. पाणी केसांवरून मागे गेलं. बाळाने डोळे उघडून तिच्याकडे पाहिलं.

"भेऊ नको व," मावशी म्हणाली, बाळाला की हर्षाला ते मला कळलं नाही. "दिसून राहिली तू मले."